विद्यार्थ्यांनी बांधलेलं लाकडी ग्लायडर: आधी सांधे, रंग सगळ्यात शेवटी

जुनं लाकडी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, दुरुस्तीला घेतलं की एक रुपयाचं नाणं घ्या आणि पंखाच्या पुढच्या धारेवरच्या प्लायवर (पातळ प्लायवुडवर), आत जिथे जिथे रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी फासळी असणार त्या रेषेवर, दोन-दोन बोटांच्या अंतराने वाजवत चला. प्लाय रिबला घट्ट चिकटलेला असेल तर आवाज कोरडा आणि आखूड येतो, टक्. सुटलेला असेल तर तो पसरट होतो, डब्याचं सैल झाकण वाजावं तसा. पसरट वाजलं तिथे खडूने फुली मारा. तासाभरात एका पंखाचा नकाशा तयार होतो. फुल्या किती पडल्या आणि कुठे पडल्या, त्यावरून पुढचं काम सहा महिन्यांचं की तीन वर्षांचं, याचा अंदाज बांधता येतो.

रंग कसा आहे, कापड कुठे फाटलंय, कॉकपिटचं पारदर्शक झाकण पिवळं पडलंय का, हे सगळं नंतर. लाकूड कोरडं राहिलं तर शंभर वर्षं सहज टिकतं. आधी जातो तो सांध्यातला ग्लू, आणि तो बाहेरून दिसत नाही. म्हणून या लेखात रंगावर जवळजवळ काहीच नाही.

आधी रचना समजून घेऊ. बडोद्यात हे समजावणं सोपं आहे, कारण इथल्या पोराला पतंगाचा ढढ्ढा (मधली उभी काडी) आणि कमान वेगळी सांगावी लागत नाही. पंखाचा स्पार म्हणजे त्याचा कणा. वर आणि खाली स्प्रूसच्या (हलक्या, सरळ रेषांच्या सूचिपर्णी लाकडाच्या) पट्ट्या, मधे प्लायची भिंत. उडताना पंख वर वाकतो, तेव्हा वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधली भिंत त्या दोघींना एकमेकींवरून सरकू देत नाही. त्या भिंतीच्या प्लायच्या रेषा ४५ अंशांत तिरक्या ठेवतात, कारण ही सरकण्याची धडपड, म्हणजे कातर-ताण, भिंतीत जी ओढ आणि दाब आणतो ते त्याच दिशेने धावतात. रिब्ज ५-६ मिमी चौरस काड्यांच्या, कोपऱ्यांवर प्लायचे छोटे त्रिकोण, एकमेकींपासून साधारण २५-३० सेंमी अंतरावर. स्पारच्या पुढे १ ते १.५ मिमी प्लाय नाकावरून गुंडाळून परत स्पारला चिकटवलेला असतो. इंग्रजी ‘डी’च्या आकाराची ही बंद नळी पंखाला पिळू देत नाही. स्पारच्या मागे नुसत्या रिब्ज आणि कापड.

ही डी-नळी आणि एकच स्पार, ही मांडणी गाजली तीच विद्यार्थ्यांमुळे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर इंजिनाच्या विमानांची बंधनं आली आणि तिथल्या तांत्रिक विद्यापीठांतली मुलं ग्लायडरकडे वळली. हॅनोव्हरच्या गटाचं ‘व्हॅम्पायर’ १९२१ साली तयार झालं. पंखाचा विस्तार १२.६ मीटर. १९२२च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या ऱ्होनच्या डोंगरावर ते आधी तासाभराहून अधिक आणि मग काही दिवसांतच तीन तासांहून अधिक हवेत राहिलं. पुढे म्यूनिकच्या मुलांनी स्टीलच्या नळ्यांचं धड वापरलं, डार्मश्टाटच्या गटाने १९३८ साली डी-३०मध्ये हलक्या मिश्रधातूचा स्पार घातला आणि श्टुटगार्टच्या गटाचं ‘फीनिक्स’ १९५७ साली बाल्सा आणि काचतंतूचं उडालं. काचतंतूचं ते पहिलं ग्लायडर.

हे सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. विद्यार्थ्यांचा गट नवं काहीतरी करून बघायला ग्लायडर बांधतो. त्यामुळे ते बहुधा एकच असतं. दुसरा नग नाही, कारखान्याचं मॅन्युअल नाही, सुट्या भागांची यादी नाही. मधेच माल संपला म्हणून डाव्या पंखात एका जाडीचा प्लाय आणि उजव्यात दुसऱ्या जाडीचा, असंही निघू शकतं. एका तुकडीने काम सुरू केलेलं असतं, ती पास होऊन जाते आणि पुढची तुकडी वेगळा ग्लू वापरते. तेव्हा ‘एका ठिकाणी बघितलं, सगळीकडे तसंच असेल’ हा हिशेब इथे चालत नाही. प्रत्येक रिब स्वतंत्र बघायची. आणि अशा ग्लायडरचे कागद, म्हणजे ताणांची गणितं, ड्रॉइंग्ज, वजनाच्या नोंदी, लाकडाइतकेच मोलाचे. ते सापडले तर आधी स्कॅन करा, मग पाना हातात घ्या.

आता झीज. बडोद्याची हवा लाकडी सांध्याला अवघड जाते, कारण ती एका टोकाला राहत नाही. मे महिन्यातल्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की दाराच्या फटी रुंदावतात, आणि श्रावणात तीच दारं फुगून अडकतात. स्पारचंही तेच होतं. हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातला ओलावा ६ टक्क्यांजवळ स्थिरावतो, ६५ला १२, आणि ९०ला २० टक्क्यांपर्यंत चढतो. स्प्रूस रेषेच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण आडवं हलतं. ओलाव्याच्या दर एका टक्क्यामागे साधारण ०.१५ ते ०.२५ टक्के. म्हणजे १०० मिमी रुंद ठोकळा, ओलावा ८ टक्क्यांनी वाढला की १.२ ते २ मिमी फुगतो. त्याला चिकटलेला प्लाय मात्र आडव्या-उभ्या थरांमुळे फारसा हलत नाही. एक हलतो, दुसरा हलत नाही, आणि त्यांच्या मधे ग्लूचा पातळ थर. दर वर्षी एकदा तो एकीकडे ओढला जातो, एकदा दुसरीकडे. स्पारच्या मुळाशी, म्हणजे धडाजवळ, जिथे भरीव लाकडाचे जाड ठोकळे असतात, तिथे सांधे सगळ्यात आधी सुटतात, त्याचं कारण हेच.

त्यातही ग्लू कोणता, यावर बरंच अवलंबून आहे. केसीन म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा आणि चुन्याचा ग्लू. कोरड्यात उत्तम, पण ओल राहिली की बुरशी त्याच्यावर जगते आणि सांधा खडूसारखा भुसभुशीत होतो. युरिया-फॉर्मल्डिहाइड, म्हणजे जर्मनीतला काउरिट किंवा इंग्लंडमधला एरोलाइट, बुरशीला दाद देत नाही, पण उष्णता आणि ओल एकत्र आली की हळूहळू तुटतो. वरून पत्रा, खाली पावसाची ओल, अशी शेड त्याला सगळ्यात वाईट. रिसॉर्सिनॉल गडद तांबूस-जांभळा दिसतो आणि हवेला सगळ्यांत चांगला टिकतो, फक्त जोडताना सांधा तंतोतंत बसलेला आणि चांगला दाबलेला हवा.

बाकी शत्रू नेहमीचे. पंखाच्या टोकात उंदराचं घरटं. त्याच्या मुताने ग्लू आणि लाकूड दोन्ही जातं. ग्लायडर जमिनीलगत किंवा भिंतीला टेकून असेल तर वाळवी. खालच्या बाजूची निचऱ्याची भोकं रंगाने बुजलेली. लोखंडी फिटिंगभोवती लाकडात काळं वलय. या वलयाकडे नीट बघा. बोल्टच्या भोकात पाणी गेलं, लोखंड गंजलं आणि तो गंज लाकडात उतरला, असा त्याचा अर्थ. पटाशीचं टोक तिथे हलक्या हाताने टेकवा. लाकूड चिवटपणे फाटलं तर ठीक, कापसासारखं दबलं तर ते लाकूड गेलं.

उघडण्याआधी मोजमाप. पंख सुताराच्या लाकडी घोड्यांवर ठेवा, पण घोड्यांच्या माथ्याला रिबच्या आकाराचे खाचे कापून, म्हणजे पंख पिळला जाणार नाही. मुळाशी, मधे आणि टोकाशी अशा निदान चार रिब्जवर डिजिटल कोनमापक ठेवून पंखाचा पीळ नोंदवा. हा आकडा आत्ता घेतला नाही आणि प्लाय उतरवला, तर तो पुन्हा कधीच मिळत नाही. नळी उघडली की पंख मऊ होतो आणि जसा ठेवाल तसा बसतो. प्रत्येक रिब कागदावर गिरवून घ्या, प्रत्येक सुटा भाग तोलून त्याच्यावर चिठ्ठी बांधा. जुन्या कापडाचा नोंदणी-अक्षरं असलेला तुकडा कापून सपाट जपून ठेवा.

मग खिडक्या. खालच्या बाजूने, दोन रिब्जच्या मधे, साधारण १५ बाय १० सेंमी, कोपरे गोल. चौकोनी कोपऱ्यातून प्लाय पुढे फाटत जातो. मुळाशी एक, एअरब्रेकच्या (पंखातून बाहेर निघून वेग मारणाऱ्या फळीच्या) पेटीजवळ एक, एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या धारेवरच्या हलत्या फळीच्या) बिजागरीजवळ एक, टोकाला एक, आणि फुल्या दाट असतील तिथे. मोबाइलला लागणारा स्वस्तातला एंडोस्कोप आत घालता येतो, पण हाताचं बोट आणि आरसा त्याहून खरं सांगतात.

सांध्याची परीक्षा अशी. जिथून काढल्याने ताकदीला फरक पडणार नाही असा प्लायचा एक त्रिकोण निवडा आणि पातळ पटाशीने उचकटा. दोन्ही बाजू उन्हात धरा. लाकडाचे तंतू फाटून समोरच्या बाजूला चिकटून आले असतील तर ग्लू लाकडापेक्षा बळकट आहे, सांधा जिवंत आहे. दोन्ही बाजू गुळगुळीत, चकचकीत, काचेसारख्या थराच्या सुटल्या असतील, किंवा बोटाला पांढरी पूड लागली, तर सांधा नुसता सवयीने धरून होता. पंखाच्या वेगवेगळ्या भागांतले दहा त्रिकोण तपासा. दोनतीन एकाच कोपऱ्यातले वाईट निघाले तर तिथे पाणी शिरलंय, तेवढी दुरुस्ती करा. वाईट त्रिकोण सगळीकडे विखुरलेले असतील तर ग्लूच म्हातारा झालाय. तेव्हा ठिगळं लावत बसू नका, पूर्ण प्लाय उतरवा. हा निर्णय जड जातो, पण अर्धवट दुरुस्तीत जुना सांधा नव्याच्या शेजारीच सुटतो आणि तेच काम पुन्हा करावं लागतं.

प्लाय उतरला की स्पारवर एक गोष्ट शोधायची, आणि ती घाईने कधीच दिसत नाही. खोलीत अंधार करा. टॉर्च स्पारच्या पट्टीवर जवळजवळ आडवा टेकवा, म्हणजे उजेड लाकडावरून घसरत जाईल, आणि १० पट भिंग घेऊन सरका. लाकडाच्या रेषा लांबीला धावतात. त्यांना आडवी, केसाइतकी बारीक, किंचित वाकडीतिकडी सुरकुती दिसली तर थांबा. ही दाबाने पडलेली चीर. जोरात आपटून उतरताना किंवा पंखाचं टोक जमिनीला लागताना तंतू क्षणभर दबून मोडलेले असतात. ती पॉलिशपेपरने घासून जात नाही, ग्लू भरून बरी होत नाही. तेवढी पट्टी कापून तिरक्या सांध्याने, म्हणजे दोन्ही टोकं उताराने कापून एकमेकांवर चिकटवून, नवी घालावीच लागते. बहुतेक वेळा ती रिबच्या कडेला किंवा जाड ठोकळा जिथे संपतो तिथे सापडते, कारण ताठरपणा तिथे अचानक बदलतो.

नवं लाकूड. स्प्रूसच हवं, रेषा सरळ, उतार १५ला १पेक्षा जास्त नको, वार्षिक वलयं इंचाला सहापेक्षा कमी नकोत, गाठ आणि राळेची शीर नको. साग आपल्याकडे सहज मिळतो आणि सुंदर असतो, पण इथे वापरू नका. वजन स्प्रूसच्या जवळपास दीडपट, शिवाय त्याचं तेल ग्लू धरू देत नाही. बाजारातला मरीन प्लाय ३-४ मिमीच्या खाली सहसा मिळत नाही, तोही कामाचा नाही. विमानासाठीचा बर्च प्लायच मागवावा लागतो. आलेलं लाकूड काम करायच्या खोलीत दोनतीन आठवडे पडू द्या आणि ओलावा ८ ते १२ टक्क्यांत आल्यावरच कापा.

तिरक्या सांध्याचं माप पाठ करून ठेवा. प्लायला जाडीच्या १२ पट, स्पारच्या पट्टीला १५ पट. १.५ मिमी प्लायला १८ मिमीचा उतार, २० मिमी जाड पट्टीला ३०० मिमीचा. १८ मिमीचा एकसारखा उतार हाताने काढणं कठीण वाटतं, पण जुनी युक्ती सोपी आहे. प्लायचे चारपाच तुकडे पायऱ्यांसारखे, प्रत्येक १८ मिमी मागे, एकमेकांवर रचा, टेबलाच्या काठाला शिकंज्याने घट्ट धरा आणि धारदार रंध्याने सगळ्या पायऱ्या मिळून एक सलग उतार होईपर्यंत रंधा मारा. थरांच्या रेषा सरळ आणि समांतर दिसल्या की उतार बरोबर. रेषा वाकड्या दिसल्या तर रंधा एका बाजूला झुकतोय.

नाकावर गुंडाळायचा प्लाय गरम पाण्याने भिजवून साच्यावर पट्ट्यांनी बांधा, रात्रभर राहू द्या, पूर्ण वाळवा आणि मगच ग्लू लावा. ओल्या प्लायवर ग्लू लावण्याचा मोह होतो, कारण तेव्हा तो छान वाकलेला असतो. असा सांधा वाळताना स्वतःच ओढून सुटतो. दाबासाठी लाकडाच्या बारीक पट्ट्यांवरून छोटे खिळे मारा, पट्टीखाली पॉलिथिन ठेवा, ग्लू बसला की पट्ट्या आणि खिळे काढून घ्या.

ग्लू कोणता, तर बहुतेकांना इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा ग्लू, सोयीची, कारण ती थोडी फट भरून काढते. टी-८८ नावाची इपॉक्सी घेतली तर दोन भागांचं प्रमाण आकारमानाने १:१. जुना ग्लू खरवडून कोरं लाकूड उघडं करा. अगदी बारीक पॉलिशपेपर मारू नका, त्याची धूळ लाकडाची छिद्रं बुजवते. सुताराचा पांढरा पीव्हीए ग्लू टेबल-खुर्चीला ठीक, पण सतत ताण राहिला की तो हळूहळू सरकतो, म्हणून स्पारजवळ त्याला जागा नाही. मे महिन्यात कपात मिसळलेली इपॉक्सी काही मिनिटांत तापून घट्ट होते. थोडी मिसळा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. भर पावसाळ्यात चिकटवणं थांबवलेलंच बरं. बडोद्यात या कामाचे खरे दिवस दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, आणि त्यातही उत्तरायणाच्या आसपासचे. प्रत्येक मिश्रणाबरोबर दोन छोटे ठोकळे चिकटवून तारीख घाला आणि आठवड्याने फोडून बघा. ठोकळा लाकडात फुटला नाही तर त्या दिवशीचं सगळं काम उखडायचं. इथे दयामाया नाही.

फिटिंग्ज सगळी काढा, रंग उतरवा आणि डाय-पेनिट्रंटने चिरा बघा: लाल रंग, क्लीनर, पांढरा डेव्हलपर. जुने बोल्ट परत वापरू नका. लंबगोल झालेलं भोक मोठं करून लेथवर बनवलेला बुश (धातूची छोटी नळी) बसवता येतो. मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतीत असं काम करणारा चांगला टर्नर मिळतो, फक्त त्याला मिमीच्या शंभराव्या भागाचं माप लिहून द्या, तोंडी सांगू नका. जास्त ताकदीच्या स्टीलवर आम्लाने धुऊन प्लेटिंग केलं तर हायड्रोजन आत शिरून स्टील ठिसूळ होतं. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० अंशांच्या भट्टीत ते कित्येक तास भाजावं लागतं. ही सोय नसेल तर नुसता चांगला प्रायमर लावा. स्टीलच्या नळीचं धड असेल तर ते आतून गंजतं. बारीक भोकातून गरम जवसाचं तेल ओतून, धड फिरवून, निथळून घेणं हा जुना आणि उपयोगी उपाय.

बंद करण्याआधी आतून वार्निश, पण ग्लू लागणार त्या कडा चिकटपट्टीने झाकून. प्रत्येक कप्प्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ८ मिमीचं निचऱ्याचं भोक. कापड पॉलिएस्टरचं घेतलं तर हलक्या वजनाचं घ्या आणि इस्त्रीचं तापमान थर्मामीटरने तपासा, तिच्या चकतीवर विश्वास ठेवू नका. १२० अंशांपासून सुरुवात करा. १७७ अंश ही कापडाची कमाल मर्यादा, पण ५ मिमी काड्यांच्या रिब्ज त्याच्या आधीच वाकतात, कारण मूळ रचना सुती कापडाच्या ताणासाठी होती. वरची आणि खालची बाजू आळीपाळीने, थोडी थोडी आवळा, नाहीतर मागची धार लाटेसारखी होते. रंग पांढरा. गडद रंग आपल्या उन्हात इपॉक्सी मऊ होण्याइतका तापतो.

रंग पातळ का, तेही आकड्यात बघा. शेपटीला १ किलो वाढला आणि ती गुरुत्वमध्यापासून ४ मीटर मागे असेल, तर १.५ मीटर पुढे नाकात सुमारे २.७ किलो शिसं घालावं लागतं. एलेरॉनच्या मागच्या भागावर रंग चढला तर फडफड सुरू होण्याचा वेग खाली येतो. म्हणून एलेरॉन आणि एलिव्हेटर (शेपटीची हलती फळी) रंगाआधी आणि रंगानंतर तोला, बिजागरीवर तोल बघा आणि जुन्या नोंदीशी ताडा.

ते पुन्हा उडवायचं का, हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. डीजीसीएची नोंदणी, परवानाधारक अभियंत्याची सही आणि ताणाची चाचणी यांशिवाय नाही. चाचणीचं गणित असं: उडतानाचं वजन २५० किलो, दोन्ही पंख मिळून ११० किलो, चाचणी ४ जी, म्हणजे वजनाच्या चौपट भार. एका पंखाच्या वाट्याची उचल ५०० किलो, त्यातून त्या पंखाचं ४ जीतलं वजन २२० वजा, उरले २८०. पंख उलटा ठेवलेला असतो, त्यामुळे त्याचे स्वतःचे ५५ किलो आपल्याच बाजूने ओढतात. वाळू २२५ किलो, म्हणजे ५ किलोच्या ४५ थैल्या. उचल मुळाकडे जास्त आणि टोकाकडे कमी असते, तशाच त्या वाटायच्या. ठेवताना मुळाकडून टोकाकडे, काढताना टोकाकडून मुळाकडे. आजच्या युरोपीय नियमांत सर्वसाधारण वापराच्या ग्लायडरला ५.३ जी आणि त्यावर १.५चा सुरक्षा-गुणक धरतात. जुन्या एकुलत्या एक ग्लायडरवर ती पूर्ण परीक्षा घेणं मला पटत नाही. मूळ गणितं हाती नसतील तर त्याला छताला टांगावं, एका पंखाचे दोन कप्पे उघडे ठेवावेत आणि आतलं काम मुलांना बघू द्यावं. १८९०पासून कलाभवन या तंत्रशाळेत हाताने शिकवण्याची परंपरा ज्या गावात आहे, तिथे असा उघडा पंख दहा व्याख्यानांचं काम करेल.

न टांगता ठेवायचं असेल तर पंख पुढच्या धारेवर उभे ठेवा, मुळाशी एक आणि लांबीच्या दोनतृतीयांशावर एक अशा गादी लावलेल्या खोबणींत, जमिनीपासून फूटभर वर, भिंतीपासून सुटे. सगळी तपासणी-झाकणं उघडी, त्यांवर उंदरासाठी बारीक जाळी. मुळाजवळ आणि टोकाजवळ ओलावा मोजायची एकेक जागा ठरवून तिथे पेन्सिलने खूण करा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आकडा तारखेसह वहीत लिहा. १६ टक्क्यांच्या वर गेला की शेडमध्ये पंखा सुरू करा, आणि तो उतरेपर्यंत बंद करू नका.